हे कुणी काढले?

दर दिवाळीला आमच्या घरातून साठ-सत्तर पाकिटे टपालात पडतात. प्रत्येक पाकिटात एक चित्र असते. चित्रात कधी रेघा, कधी चौकोन, कधी नुसते ठिपके. मित्र, नातलग, जुने सहकारी अशा सर्वांना ती जातात, आणि सर्वजण सज्जन असल्यामुळे "चित्र पोचले, छान आहे" असे कळवतात. माझा एक मावसभाऊ मात्र दर वर्षी विचारतो, "हे कुठल्या बाजूनं बघायचं रे?" मी त्याला दर वर्षी सांगतो, "तुला बरं वाटेल त्या बाजूनं." आमचे हे संभाषण आता पाडव्याच्या ओवाळणीइतके ठरून गेले आहे.

ही चित्रे मी काढतो असे म्हणावे की म्हणू नये, हाच प्रश्न आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. माझ्या हातात कधी कुंचला नव्हता. पेशाने मी प्रोग्रॅमर. म्हणजे संगणकाला काय करायचे ते पायरीपायरीने लिहून देणारा माणूस. पस्तीस वर्षे मी लोकांच्या पगाराचे, रजांचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब यंत्राकडून करून घेतले. त्यातून उरलेल्या वेळात त्याच यंत्राकडून चित्रे करून घेण्याचा नाद मला लागला आणि तो आजतागायत सुटला नाही. कुणी पेटी वाजवतो, कुणी तिकिटे जमवतो, तसाच हा एक. अशा निरुपद्रवी नादात नीतीचा प्रश्न कुठून आला, असे तुम्ही म्हणाल. गेल्या दिवाळीपर्यंत मीही तेच म्हणत होतो.

मुळापासून सांगतो. १९७४ साली मी मुंबईच्या एका कचेरीत नवा लागलो होतो. संगणक म्हणजे त्या काळी टेबलावरची वस्तू नव्हती. ती एक अख्खी थंडगार खोली होती. आमच्या आज्ञा आम्ही जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून लिहीत असू. एका कार्डावर ऐंशी खाणी. महिनाअखेरीस पगाराचे काम रात्रभर चाले. ते पहाटे आटोपले की अर्धा तास यंत्र मोकळे असे. त्या अर्ध्या तासात मी माझा कार्डांचा गठ्ठा यंत्राला भरवी. कागद वाया गेलेल्या हिशेबांचा, पाठकोरा. वीज आणि यंत्र मात्र कचेरीचे. वरिष्ठांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. ती चोरी होती की नव्हती, हाही एक नैतिक प्रश्नच आहे. परंतु त्याची मुदत आता संपली आहे असे धरून पुढे जातो.

छापणारे यंत्र एका ओळीत १३२ अक्षरे छापी. अक्षरांतूनच चित्र करायचे म्हणजे ठिपके आणि फुल्या. कुठे ठिपका आणि कुठे फुली हे मी नाही ठरवायचे, नशिबाने ठरवायचे, अशी माझी कल्पना. पण यंत्राला नशीब नसते. म्हणून एक युक्ती करतात. एक आकडा घ्यायचा, त्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचे, त्यात दुसरा ठरावीक आकडा मिळवायचा, मोठ्या आकड्याने भागायचे आणि बाकी ठेवायची. त्या बाकीवर पुन्हा तेच. अशा बाक्यांची जी माळ होते ती फासे टाकून मिळाल्यासारखी वेडीवाकडी दिसते. बाकी लहान आली तर ठिपका, मोठी आली तर फुली. गंमत अशी की पहिला आकडा तोच दिला तर माळही हुबेहूब तीच येते. म्हणजे आश्चर्य वाटते ते आपल्याला. यंत्राला त्यात आश्चर्य काहीच नसते.

माझे पहिले चित्र असे एका पहाटे निघाले. मी ते गुंडाळून दिवाळीला साताऱ्यास घेऊन गेलो. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, शाळेत ड्रॉइंगमास्तर होते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसवण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "नक्षी बरी आहे. पण हे तू कुठे काढलंस? हे यंत्रानं काढलं." एवढे बोलून त्यांनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवून दिला. त्याविषयी ते पुढे कधीही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. आमच्या पिढीत वडिलांना उलट विचारण्याची पद्धत नव्हती. मनातल्या मनात उत्तरे देत राहण्याची होती.

तसा मी पन्नास वर्षे उत्तरे देत राहिलो आहे. त्या उत्तरांच्या शोधातच मला माझे दूरदेशीचे सगेसोयरे भेटले. १९६५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या स्टुटगार्ट येथे गिऑर्ग नेस यांनी यंत्राकडून काढवलेली चित्रे मांडली होती. तेथे जमलेले चित्रकार रागावले. त्यांतल्या एकाने विचारले, की तुमचे यंत्र माझ्यासारखा कुंचला फिरवील काय? नेस यांनी दिलेले उत्तर असे सांगतात, की जरूर फिरवील. फक्त तुम्ही तो कसा फिरवता ते आधी मला नेमके सांगा. हे उत्तर मला फार दिवस नानांना द्यावेसे वाटत होते.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या मायकेल नोल यांनी एक मौजेचा प्रयोग केला. पीट मॉन्ड्रियान या डच चित्रकाराचे १९१७ चे एक चित्र आहे; नुसत्या लहानलहान आडव्या-उभ्या रेघांचे. नोल यांनी त्याच धर्तीचे एक चित्र १९६४ साली संगणकाकडून करून घेतले आणि दोन्ही चित्रे शंभर माणसांपुढे ठेवली. एकोणसाठ जणांना यंत्राचे चित्र अधिक आवडले. त्याहून विशेष म्हणजे यंत्राचे चित्र कोणते हे फक्त अठ्ठावीस जणांना बरोबर ओळखता आले. नोल यांनी आपल्या एका चित्राचा स्वामित्वहक्क नोंदवायला पाठवला तेव्हा सरकारी कचेरीने आधी सांगितले, की हे यंत्राने केले आहे, नोंदता येत नाही. त्यांनी कळवले, की यंत्राला आज्ञा माणसाने लिहून दिल्या. मग कचेरी म्हणाली, पण यात यदृच्छेचे आकडे आहेत. त्यांनी पुन्हा कळवले, की ते आकडे दिसतात यदृच्छेचे, निघतात नियमाने. तेव्हा कुठे नोंद झाली. नानांचाच आक्षेप सरकारी शिक्क्यानिशी आला होता आणि रद्द झाला होता! मला आनंद झाला. पण समाधान झाले नाही. नोंदवहीत नाव लागणे निराळे आणि वस्तू आपली असणे निराळे, हे सात-बाराच्या उताऱ्यावरून भांडणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

मला खरा धीर दिला तो वेरा मोल्नार या बाईंनी. बुडापेस्टला १९२४ साली जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या या चित्रकर्तीने १९५९ पासून एक काल्पनिक यंत्र वापरायला सुरुवात केली. म्हणजे यंत्र नव्हतेच. त्या स्वतःशी काही नियम ठरवीत आणि यंत्राने पाळावेत तसे निष्ठेने, एकेक पायरी, हातानेच पाळीत. खरा संगणक त्यांना १९६८ साली मिळाला. आणि २०२३ साली नव्याण्णवाव्या वर्षी वारल्या तोवर त्यांचे काम चालूच होते. तात्पर्य, या कलेत लोखंड हे मुख्य नव्हेच. नियम हा मुख्य.

हे मी एकदा मोठ्या उत्साहाने घरी सांगितले. आमची ही तेव्हा दारात रांगोळी घालत होती. पंधरा ठिपके, पंधरा ओळी. मान वर न करता ती म्हणाली, "मग आम्ही काय निराळं करतो? ठिपके मोजायचे, ठरलेल्या रीतीनं जोडायचे. तुमच्या त्या पॅरिसच्या बाईंनी आम्हांला विचारायचं होतं." मी हसलो; पण ती बरोबर होती. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी या दांपत्याने कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली, म्हणजे माझ्या पहिल्या चित्राच्याच वर्षी, तामिळनाडूतल्या कोलमचे व्याकरण गणिताने मांडून दाखवले होते. भाषेला असते तसे व्याकरण दारातल्या रांगोळीलाही असते, आणि ते यंत्राला शिकवता येते. पिढ्यान्‌पिढ्या बायका उंबऱ्याबाहेर वाकून जे करत आल्या, त्याला विद्वत्तेचे नाव मिळायला इतकी वर्षे लागली, एवढेच.

असे करता करता नाद वाढला. १९८८ साली कर्ज काढून मी घरी संगणक आणला. घरातून आधी फ्रीजची मागणी होती, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. नेस यांचे एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात बारा स्तंभ आणि बावीस ओळी मिळून २६४ चौकोन आहेत; वर अगदी शिस्तीत, आणि खाली येता येता कलत, ढळत, शेवटी खडी सांडावी तसे विखुरलेले. मी ते स्वतः करून पाहिले. विस्कटण्याचे प्रमाण किती ठेवायचे याचा आकडा मी बदलत गेलो. कमी ठेवला तर न्हाणीघराची फरशी होते. जास्त ठेवला तर अडगळीची खोली. मधे कुठेतरी, फार थोड्या जागेत, ते चौकोन जिवंत वाटतात. ती जागा शोधायला मला तीन महिने लागले आणि दोनशेच्या वर चित्रे टाकून द्यावी लागली.

तेथे मला प्रथम उमगले, की माझे काम काढण्याचे नव्हेच, टाकण्याचे आहे. यंत्र मला कंटाळा न करता हजार चित्रे देते आणि त्यांतले कुठलेही त्याला दुसऱ्याहून बरे वाटत नाही. बरेवाईट वाटणारा त्या खोलीत मी एकटाच असतो. नियम लिहिणे, निघालेले पाहणे, नाकारणे, नियम बदलणे, पुन्हा पाहणे: या येरझारांत जे शिल्लक राहते ते माझे. या उत्तरावर मी बरीच वर्षे सुखाने राहिलो.

गेल्या दिवाळीत माझी नात आमच्याकडे आली होती. वय वर्षे अकरा. नरकचतुर्दशीच्या सकाळी, अभ्यंगस्नान आणि फराळ झाल्यावर ती हातातला पडदा माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजोबा, बघा! तुमच्यासाठी मी काढलं." चित्र सुरेख होते. जुना वाडा, उघडे दार, उंबऱ्याशी पणती आणि बाहेर निळसर पहाट. तिने एक वाक्य लिहिले होते आणि यंत्राने चित्र केले होते. अशी यंत्रे २०२२ पासून कुणालाही सहज मिळू लागली आहेत, हे मला ठाऊक होते. मी चष्मा पुसला, पडदा लांब धरला, आणि माझ्या तोंडून निघाले, "छान आहे. पण हे तू कुठे काढलंस? हे यंत्रानं काढलं."

शब्द बाहेर पडले आणि मला ते ओळखू आले. पोरीचा चेहरा उतरला. "बरं," एवढेच म्हणून ती आत गेली. दुपारी ही मला म्हणाली, "मामंजी तसं बोलले तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हतात. मी पानं वाढत होते, मला आठवतंय." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते.

तरीही माणूस स्वतःच्या बाजूने वकील लावतोच. पलंगावर पडल्या पडल्या मी युक्तिवाद सुरू केला. माझी गोष्ट वेगळी. मी नियमन्‌नियम स्वतः लिहिला, हिने एक वाक्य लिहिले. माझ्या यंत्राला मी सांगितले तेवढेच ठाऊक होते. हिच्या यंत्राला अब्जावधी चित्रे दाखवून शिकवलेले आहे. अगदी सुरुवात त्याचीही माझ्यासारखीच यदृच्छेच्या ठिपक्यांपासून होते. पण पुढे ते त्या ठिपक्यांतला गोंधळ पायरीपायरीने पुसत जाते आणि पाहिलेल्या चित्रांवरून जे शिकले त्याच्या आधाराने वाडा, दार, पणती उमटवते. ती चित्रे काढणाऱ्या कितीतरी जणांना कुणी विचारलेही नाही. त्यावरून २०२३ पासून परदेशांत चित्रकारांनी कोर्टात दावे लावले आहेत. म्हणजे हिचे चित्र हिचे नाही. ते हजारो अनामिकांचे आहे.

युक्तिवाद चांगला होता. पण दुपारची झोप येईना, तेव्हा मी उलटतपासणीही केली. माझे नियम तरी सारे माझे होते काय? ते गुणायचे आणि मिळवायचे आकडे मी एका पुस्तकातून उचलले होते. भोकांच्या कार्डांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम परक्या देशातल्या कुणीतरी लिहिला होता. विस्कटणारे चौकोन नेस यांचे. ऋण मलाही होतेच. फरक एवढाच, की माझी ऋणे मला नावानिशी सांगता येतात आणि तिची तिला येत नाहीत. हा फरक लहान नाही, असे मला आजही वाटते. आमच्या हिला कुठली रांगोळी कुणाकडून आली हे ठाऊक असते: ही आईची, ही नणंदेची, ही शेजारच्या काकूंनी डोहाळजेवणाच्या दिवशी शिकवलेली. घेतलेले दुसऱ्या मुलीला शिकवून ती फेडतेही. ज्याची फेड करता येत नाही आणि ज्याचे नावही घेता येत नाही, असे ऋण घेणाऱ्याच्या मनाला जड व्हावे, निदान ठाऊक तरी असावे.

पण उलटतपासणीत दुसरीही एक गोष्ट निघाली, आणि ती मला टोचली. नाना वर्गात एक करीत असत. मुलाने चित्र आणून दाखवले की ते चांगले-वाईट म्हणत नसत. बोट ठेवून विचारत, "ही सावली इकडे का?" मुलाला कारण सांगता आले तर हात कच्चा असला तरी ते खूश असत. सांगता आले नाही, तर चित्र कितीही नेटके असो, "हे तुझं नव्हे, पाहून गिरवलेलं आहे" म्हणत. आता १९७४ च्या माझ्या त्या कागदावर त्यांनी बोट ठेवून विचारले असते, "ही फुली इथे का?", तर मी काय सांगितले असते? बाकी मोठी आली म्हणून! मी त्या पहाटे एकच चित्र काढले होते. जे पहिले निघाले तेच गुंडाळून आणले होते. एकही टाकले नव्हते. टाकायला शिकलो तो पुढे, न्हाणीघराच्या फरशीपाशी. म्हणजे त्या दिवशी नाना म्हणाले ते खरेच होते. पन्नास वर्षे मी ज्या आरोपाला उत्तर शोधत होतो तो त्या एका कागदापुरता अगदी वाजवी होता.

संध्याकाळी मी नातीला शोधले. ती गॅलरीत आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांशी चाळा करीत बसली होती. मी विचारले, "मला एक सांग. तुला एकच चित्र मिळालं होतं का?"

"नाही. एकोणीस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"मग हेच का ठेवलंस?"

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "बाकीच्यांत पणती घराच्या आत होती. नाहीतर दार बंद. पणती बाहेर ठेवायची असते ना, येणाऱ्याला दिसायला? आजी ठेवते तशी. म्हणून मी वाक्य सारखं बदलत होते."

नानांनी या मुलीला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मी तिला म्हणालो, "मी सकाळी चुकीचं बोललो. निवड तुझी आहे, आणि का निवडलंस ते तुला सांगता येतं. तेवढं चित्र तुझंच." मग दुसरी बाजूही सांगितली. तो वाडा, तो उजेड यंत्र कुणाकुणाच्या चित्रांवरून शिकले असेल, आणि त्यांना कुणी विचारले नसेल, हेही सांगितले. ती गंभीर झाली. "त्यांची नावं कळतील का?" तिने विचारले. मी म्हणालो, "बहुधा नाहीत." यावर तिच्यापाशी तोड नव्हती, माझ्यापाशीही नव्हती, आणि मी ती असल्याचा आवही आणला नाही. लहान मुलांना उत्तर नसलेला प्रश्न प्रामाणिकपणे दिला तर ती तो नीट सांभाळतात, असा माझा अनुभव आहे.

हे कुणी काढले, हा प्रश्नच मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हाताने, कुंचल्याने, कार्डांनी की वाक्याने, हा साधनांचा भेद आहे आणि साधने बदलतच राहणार. विचारायचे ते असे: या चित्राबद्दल जबाब कोण देणार? हेच का आणि ते का नाही, हे ज्याला सांगता येते. जे टाकले ते का टाकले हे ज्याला आठवते. आणि कुणाचे घेतले ते जो लपवत नाही, तो त्या वस्तूचा कर्ता. ज्याला यातले काहीच सांगता येत नाही त्याने स्वतःच्या हाताने रंगवले असले तरी ते त्याचे नव्हे. आणि हे केवळ चित्रांपुरते नाही. आपली मते, आपल्या चालीरीती, आपले रागलोभसुद्धा बरेचसे कुठून तरी तयार येतात. त्यांतले आपले किती, हे याच कसोटीवर घासून पाहता येईल. वडिलांचे वाक्य माझ्या तोंडून तसेच्या तसे बाहेर पडले, तेव्हा मी तरी दुसरे काय करीत होतो? न निवडता, पहिले निघाले ते पुढे करीत होतो.

नाना १९८९ साली गेले. त्यांचा टेबलाचा खण मीच आवरला. तो कागद मला त्यात सापडला नाही. सापडला असता, आणि त्यामागे त्यांच्या हातचे दोन शब्द असते, तर हा लेख अधिक गोड झाला असता; पण नव्हता, त्याला इलाज नाही.

या वर्षीच्या पाकिटांत दोन चित्रे जातील. एक नातीचे, एक माझे. तिने आपल्या चित्रामागे लिहिले आहे: "एकोणीसमधून निवडले. शिकवणारे पुष्कळ, नावे माहीत नाहीत, त्यांना नमस्कार." माझ्या चित्रामागे मी लिहिले आहे: "दोनशे चौदा टाकली. चौकोनांची कल्पना नेस यांची." माझा मावसभाऊ नेहमीप्रमाणे विचारीलच, की हे कुठल्या बाजूने बघायचे. या वर्षी मी त्याला सांगणार आहे, की आधी मागच्या बाजूने बघ.